काकडी अख्खी राहिली

२३ सप्टेंबर
सरांनी ऐकलंच नाही. "ओ-थ्री लाव. कस्टमरला स्पीड पाहिजे." आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवतो तो कंपायलर; त्याने प्रेस मशीनच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम जास्तीत जास्त पळवायचा, म्हणजे ओ-थ्री. पळतो खरा! पण मला भीती वाटते. कंपायलरला जे फालतू वाटेल ते तो गाळतो — काय गाळलं, ते सांगत नाही.

आणि पहिलं मशीन जाणार डोंबिवलीला. आईच्या कारखान्यात! दिवसभर प्रेसमध्ये हात घालून पत्रे लावते ती.

२५ सप्टेंबर
आई शेजारीपाजारी सांगत सुटलीय — "आमच्या श्रियाने बनवलंय. आता मी डोळे मिटून हात घालीन." मी ताट सारून परत कोड उघडला.

२६ सप्टेंबर
सापडलं.

हात आत गेला की सेन्सर एक खूण बदलतो. प्रोग्रॅमने ती सारखी वाचत राहायची आणि प्रेस थांबवायचा. कंपायलरला वाटलं, ही खूण इथे कोणी बदलतच नाही, मग परत परत कशाला वाचा? एकदाच वाचून मोकळा! आणि आम्ही शहाणे — सगळ्या टेस्ट ओ-झीरोवर केलेल्या, जिथे तो काहीच गाळत नाही.

हातमोज्यात काकडी भरून आत सरकवली. प्रेस थांबला नाही. चष्म्यावर पाणी उडालं. शेजारच्या टेबलावरचा सर्वेश एवढंच म्हणाला, "च्यायला."

२९ सप्टेंबर
त्या खुणेआधी एक शब्द घातला — व्होलाटाइल. म्हणजे दर वेळी नव्याने वाच. ओ-थ्रीवरचा भरवसाच उडालाय, म्हणून एक पायरी खाली, ओ-टू. काकडी अख्खी! परत घातली, परत अख्खी! सर कुरकुरले, "स्लो झालं गं." होऊ दे म्हटलं. चक्क मोठ्याने.

१ ऑक्टोबर
खंडेनवमी. आईच्या कारखान्यात नव्या मशीनची पूजा. साच्यावर झेंडू ठेवायला आईने हात आत घातला. मशीन बंद होतं, तरी मी ओरडले! सगळे हसले. मग चालू करून काकडी घातली. थांबलं. मला रडूच आलं.

४ ऑक्टोबर
झोप लागतेय.

६ ऑक्टोबर
आई चहा गाळत होती. "मशीन छान आहे गं. फक्त हात दिसला की थांबायचं, दिवाळीचा माल उरकेना. मग आमच्या फिटरने, भगवानने, परस्पर वायर मारून सेन्सरला गप्पच केलं. आता कसं पळतं!"

"आणि तू हात —"

"घालते की. तू बनवलंयस ना!"