पाय टेकायलेत का?

अप्पा,

चार दिवस झाले, लेक माझ्याशी बोलत नाही, आणि भांडण कशावरून तर सायकलच्या चाकावरून. तिला डोंगरात चालवायची ती जाड टायरची, गिअरची सायकल हवी आहे. पुण्यात आता तसल्या सायकलींची दुकानं निघालीत. चाकं दोन मापांची, सव्वीस इंची आणि नवी आलेली एकोणतीस. दुकानदार म्हणतो, मोठं चाक दगडधोंड्यांवरून बेधडक जातं, लहान पटकन वळतं. तिच्या मैत्रिणींनी मोठं घेतलंय. पण मोठ्यावर बसली की हिचे पाय जमिनीला लागत नाहीत, आणि टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर डंपरची नुसती रांग. मी सव्वीस म्हटलं, ती दार आपटून आत गेली. तेव्हापासून माझं कशात चित्त नाही. वाळलेले कपडे घडी घालते, मोडते, परत घालते. कुणाला विचारू? तुम्ही तर तिला पाहिलंही नाही.

आपल्या घरात सगळं वाढत्या अंगाचं यायचं. फ्रॉक घोट्यापर्यंत, चपला अंगठाभर मोठ्या, पुढच्या साली बसतील म्हणून. मला भालकीच्या हायस्कुलात घातलंत तेव्हा सायकल तेवढी मापाची आणलीत, लहान चाकांची. मला बसवून, वाकून पाहिलंत, "पाय टेकायलेत का?" मी तोंड फुगवून विचारलं, हीच कामून मापाची? तर म्हणालात, "चप्पल मोठी झाली तर पायातून निसटती. सायकल मोठी झाली तर माणूस निसटतंय." मला काय पटतंय! बाकीच्या पोरी मोठ्या सायकलींवर उसाच्या गाड्यांना मागं टाकून पुढं जायच्या, मी मागं पाय मारून मारून घामाघूम. एक जण रोज विचारायची, चावी देऊन आणलीस का गं?

म्हणून एका शनिवारी मी ते केलं. ओढ्याच्या पुलावर उतरले, सायकल उचलली आणि पुढचं चाक कठड्याच्या दगडावर हाणलं. एकदा नाही, चारदा. रिम वाकून तिचा पार इंग्रजी आठ झाला. घरी सांगितलं, खड्ड्यात गेले. रविवारी दिवसभर तुम्ही ती उलटी करून अंगणात बसलात, एकेक तार पिळत, चाक फिरवून बघत. मी दारात उभी. मध्येच रिमवरून बोट फिरवलंत आणि मान वर न करता म्हणालात, "दगड चार जागी लागलाय वाटतं." मी पाण्याचा तांब्या आणायला आत पळाले. अजून ते बोट दिसतं मला, अप्पा. खड्ड्याचा मार एका जागी लागतो, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

सोमवारी तुमची काळी मोठी सायकल दारात माझ्यासाठी आणि ती बुटकी तुमच्या हातात. बास, तेवढंच. गावच्या शाळेचे गुरुजी तुम्ही, आणि चाललात पोरीच्या सायकलवर, गुडघे हँडलला लागतायत, धोतराचा सोगा कमरेला खोचलेला, सगळं गाव दात काढतंय. पंक्चरवाल्या चाचांनी हाक मारून विचारलं, मास्तरसाब, बच्ची की सैकल पे कायकू? तुम्ही थांबून, दोन्ही पाय जमिनीवर दाबून दाखवलेत, "पावां टेकरैं ना, और क्या होना?" चाचा हसले, मी मात्र लाजेनं मेले. तुमच्यासाठी नाही बरं का, माझी अब्रू जातेय म्हणून. असली मी.

आणि त्या मोठ्या सायकलवरून मला उतरता येत नव्हतं. सकाळी तुम्ही धरून बसवायचात, शाळेपाशी चढायला, उतरायला पायरी होती, संध्याकाळी घरापाशी काही नव्हतं. मग वर्षभर, माझी उंची वाढेपर्यंत, संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी तुम्ही उभे. आधी घरी यायचं म्हणून ती बुटकी किती जोरात मारत असाल! मी आले की तुम्ही सीट मागून धरायचात, मी उतरायचे. मला वाटायचं, अप्पांना चहाची घाई आहे, म्हणून वाट बघतात. दगडाचं कधी सांगितलं नाही मी. तुम्ही आजारी होतात तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसले होते, तरी नाही.

हे पत्र कुठं टाकणार? कपाटातल्या कागदांखाली जाईल. पण लिहायलाच बसलेय तर आणखी एक सांगते. लेकीला मी सांगितलंय, एकोणतीस इंची संपली, दुकानात आता येणार नाही. खोटं आहे. एक उभी आहे, ऑफिसातून येताना मी रोज बघून येते. संध्याकाळी सातच्या आत मी काही घरी पोचत नाही, अप्पा. हिच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी कोण उभं राहणार? काल दुकानदार फोनवर होता, तेवढ्यात मीच त्या सायकलवर चढून बसले. पाय टेकले नाहीत. उतरायच्या आधी मान मागं वळली, सीट कुणी धरलीय का बघायला.