मांडवातल्या मशीनवर इशारा हवा

८ ऑगस्ट १९८७, संध्याकाळ
किळस आली. यंदा इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या मांडवात व्हिडिओ गेमचं मशीन येणार! मालवीय नगरात पार्लर चालवणारे माथुरजी हौसेने देताहेत. पडद्यावर माणसं मारायची, ही करमणूक. मंडळाचे अध्यक्ष शेषराव म्हणाले, जनार्दनराव, निदान पोरं तरी फिरकतील. ठरवलं : सिगारेटच्या पाकिटावर असतो तसा वैधानिक इशारा मशीनवर लावायचाच. तेवीसच्या सभेत ठराव. पुण्याला माझ्या पेपरकडे खरमरीत बातमीपत्र. देश हादरेल.

९ ऑगस्ट
इशारा संस्कृतात रचला. अनुष्टुभ. तिसरा चरण लंगडतो. सौ. रत्नप्रभा म्हणाली, इथे हिंदी मुलखात वाढलेल्या आपल्या मुलांचं 'मतलब'शिवाय वाक्य पुरं होत नाही, त्यांना हे कळणार कसं? म्हटलं, इशारा कळण्यासाठी नसतो, धाकासाठी असतो. तिने कुकर लावला.

११ ऑगस्ट
पार्लर पाहिलं. अंधार, घामाचा वास, कर्कश किंकाळ्या. शिसारी. पण न खेळता टीका करणं पत्रकाराला शोभत नाही. खेळलो. अठरा सेकंदांत मेलो. मशीन सदोष असावं.

१२ ऑगस्ट
संशोधन सुरू. खेळण्यापूर्वी नाडी ७४. नंतरची मोजायची राहिली.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन हुकलं. संशोधन साडेतीन तास. दुसऱ्या लेव्हलला एक टकल्या आहे. अत्यंत नीच. मागून येतो. तो जिवंत असेपर्यंत निष्कर्ष काढता येत नाही. बातमीपत्र उद्या.

१९ ऑगस्ट, दुपार
विमा कंपनीतले शेजारी हिंदुराव शोधत पार्लरमध्ये आले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चला घरी, वहिनी जेवायच्या थांबल्यात. नेमका तेव्हाच टकल्या शेवटच्या घटका मोजत होता. मी हिंदुरावांना किंचित बाजूला केलं. ते कोपऱ्यातल्या बाकावर आपटले. कपाळाला तीन टाके. त्यांचा तोल मुळात कच्चा असावा.
टकल्या निसटला.

२० ऑगस्ट
हिंदुराव सगळ्यांना सांगताहेत, बाथरूममध्ये घसरलो. मनाचा मोठेपणा. किंवा विसरले असतील. बातमीपत्र उद्या नक्की.

२३ ऑगस्ट, रात्री
सभा झाली. श्लोक सुरू करताच अर्धी सभा आरती समजून उभी राहिली. त्यांना बसवून ठराव मांडला. शेषराव म्हणाले, जनार्दनराव, आमचा विरोध नाही. हा खेळ खेळून कुणी कुणाच्या अंगावर धावून गेल्याचं उदाहरण द्या. एकच द्या. बोर्ड उद्याच रंगवून घेतो.
पहिल्या रांगेत हिंदुराव. कपाळावर पट्टी. माझ्याकडेच बघत होते. रत्नप्रभाही.
मी म्हणालो, परदेशात पुष्कळ आहेत.
शेषराव म्हणाले, इथलं सांगा हो.
मी पाणी प्यायलो आणि खाली बसलो.
मतदान झालं. ठरावाच्या बाजूने एकच हात वर आला, हिंदुरावांचा. माझा खालीच राहिला.