हाताची खूण

बाबा, आज शनिवार, संध्याकाळचे सव्वासहा झालेत. अंगणात पसरलेल्या वाळूवर ओणवा होऊन मी धाकट्याने आत्ता मारलेल्या उडीतली त्याच्या हाताची खूण शोधतोय, आणि ती सापडत नाही.

ही उडी तुमचीच आहे. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला बांध मध्येच कापलेला असायचा. निसरड्या बांधावर धावता येत नाही, म्हणून तुम्ही मला उभ्या जागेवरून पलीकडे उडी घ्यायला शिकवलंत. "पाय टेकले का हात मागं टेकव. फुडं गेलास तर तयार मिठात पडशील, मालक मजुरी कापील." तुम्ही गेलात तेव्हा धाकटा रांगत होता. त्याला हे मी शिकवलं. मिठागरातली सगळी मुलं अशीच उडी मारतात.

लढाई सुरू झाल्यावर मी फौजेच्या भरतीला गेलो. तिथे उभ्या जागेवरून साडेसात फूट उडी मागतात. माझ्या टाचा त्याच्या पुढे पडल्या होत्या, पण हवालदाराने टेप टाचांना न लावता मागे टेकलेल्या हाताला लावली. "ये हाथ किसका है, तेरे बाप का?" सगळे हसले. मी घरी आलो. रांगेत माझ्यापुढे उभा असलेला शेजारचा मुलगा हात न टेकता पास झाला होता. या पावसाळ्याआधी त्याची नुसती ट्रंक परत आली. त्याच्या आईने ती अजून उघडलेली नाही.

आता परवा धाकट्याची पाळी. रोज संध्याकाळी तो उडी मारतो, मी मोजतो. टेप रेघेपासून टाचेपर्यंत धरतो, मागची हाताची खूण हळूच पुसतो आणि सांगतो, "पास." भरतीत हातापर्यंतच मोजतात, हे त्याला कधीच सांगितलं नाही. सोमवारी तो हात टेकवेल, नापास होईल, चिडून घरी येईल, जेवेल. एवढंच मला हवं होतं.

आज मात्र वाळूत नुसत्या दोन टाचा आहेत, खोल, अगदी शेजारी शेजारी. मोजलं तर आठ फूट भरले. मी म्हणालो, "सात."

तो पायांची वाळू झटकत होता. "दादा, सोमवारी टेप तुझे हातात न्हाय," म्हणाला आणि विहिरीवर अंघोळीला गेला.

आतून आई जेवायला हाक मारतेय. हा कागद कुठे पाठवायचा ते ठाऊक असतं, तरी मी पाठवला नसता. बाबा, वाळू सुकल्यामुळे खूण उठली नसेल, असं वाटून मी आत्ताच माझा हात टेकवून पाहिला. खूण उठते.