बाबांची चासी

दादा,

बाबा गेल्यावर त्यांच्या मोटरसायकलचं इंजिन तू काढून नेलंस आणि उरलेल्या सांगाड्याकडे बोट दाखवून मला म्हणालास, "रिकामी चासी तुला. कपडे वाळत घाल." वहिनी केवढी हसली. चहा मात्र फक्कड करते ती, ते असो.

चार गावं भटकून मी दुसरं इंजिन आणलं. ते बसेना, म्हणून चासीची खालची नळी कापून नव्या पट्ट्या वेल्ड केल्या. दोनदा करवत खाली ठेवली. तुझं तोंड आठवलं, मग सरळ कापलं.

काल नोंदणी कचेरीतला कारकून म्हणाला, "इंजिन बदलतं हो. गाडी ओळखायची चासी नंबरावरून." म्हणजे बाबांची गाडी माझ्याकडेच आहे.

हे पत्र टाकणार नाही. रविवारी गाडी घेऊन तुझ्या दारावरून जाईन. अनोळखी आवाज ऐकून बाहेर येशीलच. चासी नंबर वाच, आणि आत जाऊन इंजिनावर कपडे वाळत घाल.

तुझा,
चासीवाला धाकटा