खलनायकाच्या भूमिकेत चंद्रमौळी

२ मार्च
चेन्नईत, मैलापूरच्या फिल्म क्लबात माझा पोस्टकलोनियल लघुपट दाखवला. जागतिकीकरण, अस्मिता, वासना, सगळं आहे. मॉलमधल्या सरकत्या जिन्यासमोर नायक (मी) उभा. चढत नाही, बस्स. लाइट लागताच सेक्रेटरी चंद्रमौळी उठले. रिटायर्ड हेडक्लार्क, तंजावरी मराठी. म्हणाले, छान, पण मला वाटलं करंट गेलं. हॉल हसला. कीर्तीही हसली. माझी बायको!
सूड घेणार.

३ मार्च, सकाळी
सूड कलात्मकच हवा. नवी पटकथा: तंजावरी हेडक्लार्क. कपाळाला गंध, काखेत छत्री. चारचौघांत परदेशी कंपन्यांना शिव्या, घरी पडद्याआड चोरून बर्गर. नायक (मी) त्याचं बिंग फोडतो. सगळे ओळखतील. म्हाताऱ्याला तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

९ मार्च
नट मिळेना. माझ्या अंबत्तूरच्या ऑफिसातल्या मराठी मंडळींना अचानक ऑडिट आलं. कीर्ती म्हणाली, चंद्रमौळींनाच विचार. हिला सूडातलं काय कळतं?

१० मार्च
मला एक भन्नाट कल्पना सुचली. चंद्रमौळींनाच घ्यायचं! विचारलं. म्हणाले, सरी सरी, पण बर्गर व्हेज पाहिजे.

१७ मार्च
शूटिंग. छत्री घरूनच आणली. शत्रू मूर्ख आहे. बर्गर खाताना मात्र ढसाढसा रडले. विचारलं, तर म्हणाले, मुलगा अमेरिकेला गेला त्या दिवशी एअरपोर्टवर त्याने हेच खाऊ घातलं होतं. मी विरघळलो नाही. रिटेक घेतला. पुन्हा रडले.

३० मार्च, दुपारी
आज स्क्रीनिंग. त्यांच्या मिसेस सीतालक्ष्मींना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवणार. अपमान घरापर्यंत पोचला पाहिजे.

३१ मार्च
बर्गरच्या सीनला हॉलभर हुंदके. पडद्यावर मी बिंग फोडलं, तर हॉलमधून मागून कुणीतरी ओरडलं, 'साप्पिड विडुप्पा!' म्हणजे, खाऊ दे की बाबा. टाळ्या पडल्या. त्या ओरडणाऱ्याला. सीतालक्ष्मी उठल्या, पदराने नवऱ्याचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, मुलाची एवढी आठवण येते, हे इतकी वर्षं मला का नाही सांगितलं? कीर्तीने तर चंद्रमौळींना वाकून नमस्कार केला. लग्नापासून माझ्या एकाही कलाकृतीला तिने साधा रुमाल काढलेला नाही.
नंतर ग्रुप फोटो. चंद्रमौळी मधे, शेजारी कीर्ती. तुम्हीपण या, असं तेच तेवढे म्हणाले. पण फोन माझ्या हातात होता.
फोटो चांगला आलाय. कोपऱ्यात माझा अंगठा आहे.