डोक्याला हात

ता. ६ जून

ती. सौ. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत म्हणून लिहिते. पण ठीक नाही. तुमचे भाऊ हल्ली सलूनमध्ये गिऱ्हाईक नसलं की उजवा हात डोक्यावर ठेवून बसतात. घरी टीव्हीसमोरही तेच. मला वाटलं, धंद्यात काही बिनसलं. विचारलं तर म्हणतात, असंच बरं वाटतं. काल मात्र दाढी करताना हातातून वस्तरा निसटला. नशीब, गिऱ्हाइकाच्या मांडीवरच्या टॉवेलवर पडला. तेव्हापासून वस्तऱ्याला हात लावत नाहीत. समोरचा दुकानदार सलून विकत मागतोय, त्याला महिनाअखेर होकार देतो म्हणतात. ते ऐकतात ते फक्त तुमचं.

उत्तराची वाट बघणारी,
धाकटी

ता. १० जून

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

घाबरू नकोस. डोक्यावर हात ठेवलेली माणसं आमच्या फिजिओथेरपी विभागात रोज येतात, आणि त्यांतली सगळीच काही दुःखी नसतात. मानेच्या मणक्यांमधली गादी सरकली की शेजारची नस दबते. हात डोक्यावर नेला की नसेवरचा ताण कमी होतो, म्हणून त्याला बरं वाटतं. त्याला विचार, कळ मानेतून अंगठ्यापर्यंत उतरते का? अंगठा बधिर आहे का? मान मागे टाकली की वाढते का? हो म्हणाला तर याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे ने. हातातली ताकद जाणं हे अंगावर काढायचं दुखणं नव्हे. जन्मभर मान वाकवून लोकांच्या हनुवट्या बघितल्यावर दुसरं काय होणार! आणि मुख्य म्हणजे, सलूनमध्ये कुणाकडून मान मोडून घेऊ नको म्हणावं. गिऱ्हाइकांच्या माना कडाकडा मोडतो म्हणून फार मिरवतो तो ठोंब्या.

मुलांना गोड पापा.
तुझी वन्सं

ता. १९ जून

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा तर्क तंतोतंत खरा निघाला. पण तुझं पत्र पोचण्याआधीच मी गाढवपणा करून बसलो होतो. सलूनमधल्या भागीदाराकडून मान मोडून घेतली आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. डॉक्टरांनी छोट्या हातोडीने कोपराजवळ ठोकून बघितलं, एमआरआय काढला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यांमधली गादी नसेवर टेकली आहे. सध्या ऑपरेशन नको म्हणाले. गोळ्या, थोडे दिवस मानेला पट्टा, मग व्यायाम. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. ताकद आणखी घटली तर पुढचं बघू म्हणाले.

पण ताई, नस सुटेल, भीती कशी सुटणार? ज्या हातातून वस्तरा पडला त्या हाताखाली माणसाने गळा का द्यावा? मी होकार देणार आहे. रागावू नकोस.

तुझा,
ठोंब्या

ता. २३ जून

चि. ठोंब्यास,
अ. आ.

रागावले आहे. होकारबिकार काही द्यायचा नाही. समोरच्याला सांग, ताई थांब म्हणते. तोवर वस्तरा भागीदाराने धरावा आणि तू गल्ल्यावर बसून गप्पा माराव्यास. ते काम तुला नाहीतरी छान जमतं. व्यायाम चुकवलास तर मी स्वतः येईन. ताकद परत आली असं डॉक्टर म्हणाले की मला कळव. पहिलं गिऱ्हाईक मी पाठवते, तुझे दाजी. मला नवरा एकच आहे, तेव्हा माझा भरवसा किती ते समजून घे.

तुझी,
ताई

ता. १८ ऑगस्ट

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजी काल येऊन गेले. डॉक्टरांनी मोकळीक दिली होती, अंगठ्याला स्पर्शही कळत होता, तरी त्यांनी मान मागे टाकली तेव्हा मला घाम फुटला. धाकटी दारात उभी होती, भागीदार उगाच आरसा पुसत होता. मी साबण लावला, वस्तरा घेतला, गालांवरून फिरवला. गळ्याशी आलो आणि थांबलो. दाजींना वाटत असलेली भीती बघावी म्हणून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

ताई, तुझा नवरा घोरत होता.

उरलेली दाढी मी एका दमात केली. ते जागे होईपर्यंत समोरच्याला नाही म्हणून सांगूनही आलो.

माया आहे तशी राहू दे.
तुझा,
ठोंब्या