देव्हाऱ्यातली बरणी

३ फेब्रुवारी
आज आलं ते — कोळंबीच्या अंड्यांची डबी एक, पंचेचाळीस. जाडं मीठ दोन किलो, सहा. रबरी नळी दीड हात, तीन. गाळायला तलम कापड दुकानदार चारला देत होता, घेतलं नाही. जुना मलमलचा रुमाल आहे घरात.

पंचेचाळीस! आणि डबी काडेपेटीएवढी. आत तपकिरी भुकटी. हे चिमूट घेऊन नाकाशी नेणार तेवढ्यात हात धरला. यांची तपकीर सोडवायला मला सात वर्षं लागली होती.

डबी वन्संची, पैसेही त्यांचेच. पण खर्च डोळ्यांसमोर झाला की जीव तुटतोच. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या, वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. सोबतीला काचेची पेटी आणि काळ्या पट्ट्यांचे दोन चपटे मासे. त्या उद्या गुडघ्याच्या ऑपरेशनला परगावी जाणार, मासे माझ्या गळ्यात.

"जोडपं पान घासायला लागलंय," म्हणाल्या, "म्हणजे अंडी घालणार. पिल्लं पोहायला लागली की त्यांना जिवंतच खाऊ लागतो. ही भुकटी खाऱ्या पाण्यात टाकायची, दीड दिवसात त्यातून कोळंबीची पिल्लं निघतात, ती यांना घालायची. माझ्या हातून तीनदा सगळी गेली. तू तरी एखादं जगवून दाखव."

तू तरी! म्हणजे मॅट्रिकपुढे न गेलेली, जप आणि जमाखर्च सोडून काही न येणारी. कळलं मला!

४ फेब्रुवारी
वन्सं गेल्या. निघताना विचारलं, गुडघ्यासाठी देवाला दोन शब्द घालू का? तर फटकन म्हणाल्या, "माझ्यासाठी देव पाण्यात घालून बसू नकोस. पाण्यात माझे मासे आहेत तेवढे पुरेत!"

असं बोलावं? संध्याकाळी त्यांच्या वतीने देवाची माफी मागितली. बाकी काही मागितलं नाही. नको म्हणाल्या ना.

आणि गुडघा दुखणारी बाई जिना टकाटका उतरली की हो! मी मागे पिशवी घेऊन धापा टाकतेय. ढोंग सगळं. महिनाभर पाय पसरून आयतं खायचा बेत दिसतोय.

६ फेब्रुवारी
घातली! पानावर ओळीने अंडी, साबुदाण्याहून बारीक. मादी घालते, नर पंखांनी वारा घालतो. यांना बोलावून मुद्दाम दाखवलं. हे म्हणाले, "त्याला पेपर वाचायचा नसतो."

८ फेब्रुवारी
भुकटी भिजवली. लिटरला दीड मोठा चमचा मीठ घाल, असं वन्संनी लिहून दिलंय. एवढं मीठ कुणी घालतं का? अर्धा चमचा घातला. खालून सारखे बुडबुडे सोडायचे, तर हवेचा पंप एकच, तो मोठ्या पेटीला. दुसरा घ्यायचा तर साठ. यांना म्हटलं, सायकलचा पंप आहे, तुम्ही आहात, बसा.

बसले बिचारे. पेपरचं एक पान, दहा वेळा पंप. अग्रलेखापर्यंत पोचले आणि खांदा धरून उठले.

१० फेब्रुवारी
काही निघालं नाही. पाण्याला वास मात्र आला. यांच्या खांद्याला मलम — सात. पंपाचे साठ वाचवायला गेले, त्यात मलम आणि चमचाभर भुकटी. देवा, मला काटकसर दिलीस, जरा अक्कलही द्यायची होतीस.

माशाची पिल्लं मात्र निघाली! पानाला डोक्याने चिकटून नुसती वळवळतात. पान त्यांच्यासकट काचेच्या वाडग्यात काढून ठेवलं. अजून पोटाशी जन्माची शिदोरी आहे. ती संपली की पोहतील आणि तोंड उघडतील. तोवर खाऊ तयार हवा.

११ फेब्रुवारी
दुकानदाराने एका पंपाला दोन नळ्या जोडायचं चिमुकलं यंत्र दिलं — दोन. हे आठ तारखेला सांगायचं होतंस ना बाबा! म्हणतो, "बाई, तुम्ही विचारलं कुठे?"

आज मीठ पुरतं घातलं. डोळे मिटून घातलं. बरणीला ऊब हवी, त्यासाठी दिवसभर बल्ब जाळायचा म्हणे. कशाला? देव्हाऱ्यात दिवा असतोच. बरणी देवापुढे ठेवली, मागे दिवा. तेल तेवढंच, काम दोन. वन्संच्या सामानातली लांब नळी खिडकीतून वरच्या पंपापर्यंत. हे म्हणाले, "देवाला सलाईन लावलंयस का?"

१२ फेब्रुवारी
संध्याकाळी जपाला बसले आणि माळ हातातून गळायची बाकी राहिली.

निघाली! नारिंगी ठिपके, धुळीएवढे, पण हलणारे. हे म्हणाले, बुडबुडे थांबव, नीट दिसेल. थांबवले. तर सगळे, सगळेच्या सगळे, बरणीच्या एका अंगाला गोळा झाले. दिव्याकडे तोंड करून! दिव्यापलीकडे देव. मी आपसूक हात जोडले. या घरात एवढी गर्दी देवापुढे कधी बसली नव्हती.

"अगं, उजेडाकडे जाते ती जात," हे म्हणाले.
मी म्हटलं, "मग आपण कुठे जातो?"
यांनी बुडबुडे पुन्हा सुरू केले.

१३ फेब्रुवारी
माशाची पिल्लं पोहायला लागली. वाडगाभर डोळेच डोळे.

नळीने कोळंब्या ओढायला बरणीपाशी गेले. हात पुढे होईना. देवापुढून उचलायच्या आणि कुणाच्या तोंडी द्यायच्या? कालच जन्मल्या, आल्या आल्या देवाला सामोऱ्या गेल्या — आणि मी त्यांना पकडायचं!

त्याऐवजी वस्त्रगाळ कणीक चिमूटभर टाकली. कुणी तोंड लावलं नाही.

१४ फेब्रुवारी
वाडगा दुधाळ झाला. तळाशी तीन पिल्लं पांढरी पडलेली.

त्यात वन्संचं कार्ड. "पोटं नारिंगी दिसली तर खाल्लं समज. पांढरी दिसली तर उपाशी. देवाला विचारत बसू नकोस, पोटं बघ." अक्षर वेडंवाकडं. फळ्यावर छापल्यासारखं लिहिणारी बाई! पलंगावर लोळत लिहिलं असेल.

पोटं बघितली. पांढरी.

हे म्हणाले, "मी घालू का?" मी म्हटलं, खबरदार! मग जेवताना दोघांनाही घास गोड लागेना. एकीकडे देवाच्या दारची मंडळी, दुसरीकडे वन्संची उपाशी लेकरं. पाणी बदललं. रात्री आणखी दोन गेली.

१५ फेब्रुवारी
आज यांनी कमाल केली. मी देव्हाऱ्यापुढे डोळे मिटून बसलेली, कौल मागत होते. हे शेजारी येऊन बसले. म्हटलं, आज कसं सुचलं? तर खिशातून टॉर्च काढला आणि बरणीच्या अलीकडच्या अंगाला धरला.

"डोळे उघड," म्हणाले. "तुझी भक्तमंडळी बघ."

बघते तर काय! सगळी पलटली. देवाकडे पाठ, टॉर्चकडे तोंड. पळत आली म्हटलं तरी चालेल. यांनी टॉर्च खाली नेला, खाली. वर नेला, वर. देव तिथेच, दिवा तिथेच — एकीनेही मागे वळून पाहिलं नाही!

"फितूर!" माझ्या तोंडून निघून गेलं. "तीन दिवस माझं तेल जाळलं मेल्यांनी!"

हे इतके हसले की खांदा पुन्हा धरला.

मग पदर खोचला. टॉर्चपाशी जमल्या तशा नळीने ओढल्या, रुमालात गाळल्या, मीठ जावं म्हणून साध्या पाण्यात धुतल्या आणि वाडग्यात सोडल्या. सोडताना देवाचं नाव घेतलंच. फितूर असल्या तरी शेवटी त्याच्याच.

आणि अहाहा! एकेक पिल्लू दबा धरून, शेपटी वाकवून, टपकन! अर्ध्या तासात प्रत्येकाच्या पोटात नारिंगी दिवा लागला. हे भिंग घेऊन आणि मी चष्मा घेऊन — स्वयंपाक राहिलाच. सकाळचं गरम करून खाल्लं. त्यातही बचतच झाली म्हणा.

१७ फेब्रुवारी
आता दोन बरण्या. एक संपेस्तोवर दुसरी. देव्हाऱ्यातून हलवून गॅसजवळ ठेवल्या, तिथेही ऊब फुकटच. देव मोकळे झाले.

हे रोज पहाटे माझ्याआधी उठून टॉर्च धरून बसलेले असतात. सेल महाग आहेत म्हटलं, तर म्हणाले, "तुझ्या तेलाहून स्वस्त."

१९ फेब्रुवारी
नवीन एकही मेलं नाही. पाठीवर पंख फुटताहेत, आईबापांसारखे. वन्सं आल्या की वाडगा त्यांच्यापुढे ठेवीन. तोंडाने काही बोलायची नाही. नुसती ठेवीन.

२१ फेब्रुवारी
वन्संचं पाकीट. कार्ड नव्हे, पाकीट.

गुडघा नाहीच. छातीत गाठ आहे. तपासण्यांतच इतके दिवस गेले, आता सोमवारी काढणार. "खरं सांगितलं असतं तर तू देव पाण्यात घालून बसली असतीस, आणि मला वाटलं असतं की आपलं काही खरं नाही," असं लिहिलंय. त्याखाली जागा सोडून, त्या वेड्यावाकड्या अक्षरात — "आता घाल. आणि पिल्लांची पोटं कोणत्या रंगाची आहेत ते लिही."

यांनी दोनदा वाचलं आणि टॉर्च घेऊन वाडग्यापाशी जाऊन बसले. वाडग्यात बघत नव्हते.

मी कार्ड लिहून आत्ताच टपालपेटीत टाकून आले. इथे उतरवून ठेवते —

"ती. वन्संना शि. सा. न. पोटं नारिंगी. देव पाण्यात घातले आहेत, माशांशेजारीच. तुमच्या हातची दोन अक्षरं आल्याखेरीज बाहेर काढणार नाही. तेव्हा त्यांना फार ताटकळत ठेवू नका. सोमवारनंतर हात उचलता आला की लगेच, उलट टपाली कळवा."